ताप उतरल्यानंतर

करोनाच्या साथीत मोठ्या माणसांवरचे संकट बहुतांशी आजाराच्या पहिल्या दोन आठवड्यांतच उभे राहत असे. पहिल्या आठवड्यात ताप आणि खोकला, दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर प्राणवायूची पातळी घसरणे आणि त्यानंतर एकतर उतार किंवा अतिदक्षता विभाग, असा तो क्रम डॉक्टरांनाच काय, घराघरांनाही पाठ झाला होता. लहान मुलांच्या बाबतीत हा क्रम लागू पडला नाही. बहुतेक मुलांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरला, अनेकांना तो आलाच नाही आणि मुले लवकरच पूर्ववत खेळू लागली. त्यामुळे ‘मुलांना करोनाचे काही होत नाही’ ही समजूत रूढ झाली. ती अर्धीच खरी होती. मुलांना या साथीने जे काही केले त्याचा मोठा भाग ताप उतरल्यानंतर दिसू लागला: काहींना तीन-चार आठवड्यांनी, काहींना काही महिन्यांनी आणि कित्येकांना वर्षांनंतर. म्हणूनच करोना आणि मुले यांचा विचार आजाराच्या चौदा दिवसांपुरता करून भागत नाही. तो बालपणाच्या लांबीने करावा लागतो.

मुले बचावली ती कशामुळे

मुलांना संसर्ग झालाच नाही, असे मुळीच नाही. रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली विशिष्ट प्रथिने, तपासली की संसर्ग होऊन गेल्याची खूण सापडते. मुंबई महानगरपालिकेने १ एप्रिल ते १५ जून २०२१ या काळात घेतलेल्या नमुन्यांत अठरा वर्षांखालील ५१.१८ टक्के मुलांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आढळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ मधील चौथ्या देशव्यापी सर्वेक्षणात ६ ते ९ वयोगटात हे प्रमाण ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटात ६१.६ टक्के होते. त्या वेळी मुलांसाठी एकही लस उपलब्ध नव्हती, म्हणजे ही प्रतिपिंडे संसर्गातूनच आलेली होती. विषाणू देशातल्या निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत पोहोचला होता, तरी रुग्णालयांत मुलांची गर्दी झाली नाही. मृत्यूंचे चित्रही याच्याशी जुळणारे होते. वयाची नोंद उपलब्ध असलेल्या जगभरातील सुमारे ४४ लाख करोना-मृत्यूंपैकी वीस वर्षांखालील मृत्यू ०.४ टक्के, म्हणजे सुमारे १७,४०० असल्याचे युनिसेफने एकत्रित केलेली आकडेवारी सांगते. प्रमाण लहान असले, तरी त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक रिकामे झालेले घर आहे, हे विसरून चालणार नाही.

मुलांना मिळालेल्या या संरक्षणाची कारणे एकाहून अधिक आहेत. करोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो तिच्या पृष्ठभागावरील ‘एस-२’ नावाच्या ग्राहीला चिकटून. ग्राही म्हणजे विशिष्ट रेणू जिथे नेमका बसतो अशी पेशीवरील जागा. लहान मुलांच्या नाकाच्या अस्तरात या ग्राहींचे प्रमाण मोठ्यांपेक्षा कमी असल्याचे अभ्यासांत दिसले. दुसरे कारण जन्मजात प्रतिकारशक्तीचे. शत्रू ओळखीचा असो वा नसो, तो दिसताक्षणी धावून जाणारी ही शरीराची पहिली फळी असते. मुलांच्या श्वसनमार्गातील पेशी आधीपासूनच सज्ज असतात आणि विषाणू शिरताच ‘इंटरफेरॉन’ हे धोक्याची सूचना देणारे रसायन त्या वेगाने सोडतात. त्यामुळे विषाणूची वाढ सुरुवातीलाच रोखली जाते. तिसरे कारण रक्तवाहिन्यांचे. मोठ्यांमध्ये या आजाराने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करून गुठळ्या निर्माण केल्या, तर मुलांचे हे अस्तर मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान यांनी झिजलेले नसते.

हे संरक्षण सर्व मुलांना सारखे मिळत नाही. एक वर्षाखालील तान्ह्या बाळांची श्वासनलिका अरुंद असते आणि प्रतिकारशक्ती अजून घडत असते, म्हणून त्यांना रुग्णालयात ठेवण्याची गरज मोठ्या मुलांपेक्षा अधिक वेळा पडते. लठ्ठपणा, मधुमेह, जन्मजात हृदयविकार, कर्करोगावरील उपचार किंवा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलांनाही धोका अधिक असतो. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील कुटुंबांसाठी सिकलसेलचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. विषाणूच्या रूपानुसार मुलांची लक्षणेही बदलली. ओमायक्रॉनने फुप्फुसांपेक्षा श्वसनमार्गाच्या वरच्या भागात अधिक ठाण मांडले, त्यामुळे घसा आणि स्वरयंत्राजवळ सूज येऊन भुंकल्यासारखा खोकला येणारी, श्वास आत घेताना घरघर करणारी लहान मुले त्या लाटेत जास्त दिसली.

आजारी मूल घरी असताना पालकांच्या हाती असलेले सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे घड्याळ. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करून छाती-पोटाचे वर-खाली होणे पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो श्वास जलद समजतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध किंवा पाणी पिणे थांबणे, सुस्ती येणे, ओठ निळसर पडणे, यांपैकी काहीही दिसले तर मुलाला त्वरित रुग्णालयात न्यावे. सौम्य आजारात पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि विश्रांती एवढे पुरते. केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने जून २०२१ मधील मार्गदर्शक सूचनांत मुलांना रेमडेसिवीर देऊ नये आणि सौम्य आजारात स्टेरॉइड हानिकारक ठरतात, असे स्पष्ट केले होते. आईला करोना झाला तरी तिने मास्क लावून, हात धुऊन बाळाला पाजणे चालू ठेवावे, असाच सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला. कारण आईच्या दुधातून बाळाला संसर्ग होण्याच्या भीतीपेक्षा त्या दुधातून मिळणारे संरक्षण कितीतरी मोठे असते.

चार आठवड्यांनी आलेला ताप

एप्रिल २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. आधी ठणठणीत असलेली शाळकरी मुले तीव्र ताप, असह्य पोटदुखी, अंगावर पुरळ आणि घसरलेला रक्तदाब घेऊन अतिदक्षता विभागात येऊ लागली. त्यांतील अनेकांची नाकातील स्रावाची करोना चाचणी नकारात्मक होती, पण रक्तात प्रतिपिंडे होती. म्हणजे संसर्ग दोन ते सहा आठवड्यांपूर्वी, बहुधा कुणाच्याही लक्षात न येता, होऊन गेला होता. १४ मे २०२० रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने या आजाराला ‘एमआयएस-सी’ हे नाव दिले. मराठीत त्याला मुलांमधील बहुअवयवी दाह लक्षणसमूह म्हणता येईल. दाह म्हणजे प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्यामुळे ऊतींना येणारी सूज आणि होणारी इजा. या आजारात तो हृदय, आतडी, त्वचा, डोळे आणि मूत्रपिंडे अशा अनेक अवयवांत एकाच वेळी भडकतो.

हा आजार डॉक्टरांना कावासाकी रोगाची आठवण करून देणारा होता. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेल्या त्या रोगातही डोळे लाल होतात, ओठांना भेगा पडतात, जीभ लालभडक होते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या फुगण्याचा धोका असतो. मात्र कावासाकी रोग प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होतो, तर हा नवा आजार आठ-नऊ वर्षांच्या आसपासच्या मुलांत अधिक आढळला आणि त्यात हृदयाचा स्नायू दुर्बळ होऊन रक्तदाब कोसळण्याचे प्रमाण जास्त होते. पोटदुखी इतकी तीव्र असे की काही मुलांना आधी आंत्रपुच्छाचा दाह झाल्याची शंका घेतली गेली. साथीच्या सुरुवातीच्या काळात साधारण तीन ते चार हजार संसर्गित मुलांमागे एकाला हा आजार झाल्याचे अंदाज आहेत. ओमायक्रॉननंतर तो बराच दुर्मीळ झाला.

शरीर आपल्याच अवयवांवर का उलटते, याचे एक उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिले. करोना विषाणूच्या एका प्रथिनाचा छोटा तुकडा मानवी पेशींतील ‘एसएनएक्स-८’ या प्रथिनाच्या एका भागाशी मिळताजुळता आहे. अभ्यासलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या प्रतिकारशक्तीने विषाणूला ओळखायला शिकताना या साम्यामुळे स्वतःच्या प्रथिनालाही शत्रू ठरवले होते. चोराच्या वर्णनाशी चेहरा जुळतो म्हणून घरच्याच माणसाला पकडावे, तसा हा प्रकार आहे.

या आजारात वेळेला अतोनात महत्त्व आहे. निरोगी दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या प्रतिपिंडांचे द्रावण, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शिरेतून देणे आणि स्टेरॉइडने दाह आवरणे हे मुख्य उपचार. ते वेळेवर मिळाले की हृदयाचे कार्य बहुतेक मुलांत पूर्ववत होते. सौम्य करोनात अपायकारक ठरणारे स्टेरॉइड इथे जीव वाचवते, हा फरक घरगुती उपचारांच्या आहारी जाणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. घरात कुणाला करोना होऊन गेल्यानंतरच्या दीड महिन्यात मुलाला सलग ताप आला आणि त्यासोबत पुरळ, लाल डोळे, पोटदुखी किंवा उलट्या असतील, तर आधीच्या करोनाची माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे, कारण निदानाची किल्ली बहुधा त्या एका वाक्यात असते.

न दिसणारा थकवा

काही मुलांच्या बाबतीत आजार संपतो आणि तरीही संपत नाही. संसर्गानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेली आणि किमान दोन महिने टिकणारी, दैनंदिन जीवनात अडथळा आणणारी लक्षणे म्हणजे मुलांमधील दीर्घ करोना, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये केली. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की ही लक्षणे वयानुसार बदलतात: सहा ते अकरा वर्षांच्या मुलांत डोकेदुखी, पोटदुखी, झोपेच्या तक्रारी आणि लक्ष न लागणे ठळक असते, तर बारा ते सतरा वर्षांच्या मुलांत थकवा, अंगदुखी आणि वास किंवा चव जाणे अधिक दिसते. मुलांमध्ये हे प्रमाण मोठ्यांपेक्षा कमी आहे आणि बहुतेक मुले काळाच्या ओघात बरी होतात. अडचण आहे ती ओळखण्याची. मोठा माणूस थकवा बोलून दाखवतो. आठ वर्षांचे मूल मात्र मैदानातून लवकर परत येते, वही उघडून नुसते बसून राहते, सकाळी उठायला नकार देते, आणि मोठ्यांना तो आळस किंवा हट्ट वाटतो. आजारपणानंतर मुलाचे वागणे बदलले असेल तर ओरडण्याआधी तपासणी करून घेणे, हा त्याच्यावरचा अन्याय टाळण्याचा साधा मार्ग आहे.

मुलांची तिसरी लाट

मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, तिसरी लाट मुलांवर येणार अशी धास्ती सर्वत्र पसरली. महाराष्ट्र शासनाने बालरोगतज्ज्ञ डॉ. सुहास प्रभू यांच्या नेतृत्वाखाली कृतिदल नेमले आणि अनेक ठिकाणी भिंतींवर चित्रे रंगवलेले बालकक्ष उभे राहिले. ओमायक्रॉनची लाट डिसेंबर २०२१ च्या अखेरीस आली खरी, पण ते कक्ष भरून वाहण्याची वेळ आली नाही. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाला कोव्हॅक्सिन आणि १६ मार्चपासून १२ ते १४ वयोगटाला कॉर्बेव्हॅक्स या लसी मिळू लागल्या. तयारी वाया गेली नाही, कारण त्या निमित्ताने बालरुग्णांसाठी खाटा आणि उपकरणे वाढली. मुलांवरची खरी लाट मात्र दुसऱ्याच बाजूने आली आणि तिच्यासाठी कुठलाही कक्ष उभारलेला नव्हता.

टाळेबंदीत नियमित लसीकरण विस्कळीत झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या आकडेवारीनुसार घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील लसीच्या तीनही मात्रा मिळालेल्या बालकांचे जगातील प्रमाण २०१९ मध्ये ८६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ८१ टक्क्यांवर आले. सुमारे तीस वर्षांतील ही सर्वांत मोठी सलग घसरण होती. गोवर हा अत्यंत संसर्गजन्य आजार असल्याने लसीकरणातली फट तो सर्वांत आधी शोधून काढतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत आणि पुढे भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात लहान बालके दगावली. ज्यांच्या लसीची तारीख चुकली होती, अशी बालके या उद्रेकात मोठ्या संख्येने सापडली. करोनाचा विषाणू ज्या बाळांना फारसा त्रास न देता निघून गेला, त्यांतल्या काहींना त्या साथीने मोकळ्या सोडलेल्या दारातून आलेल्या गोवराने गाठले.

शाळांची झळ तर प्रत्येक घराला लागली. महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. मोठ्या इयत्तांचे वर्ग अधूनमधून काही ठिकाणी उघडले, तरी राज्यभर ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि पहिली-दुसरीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, तेही जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद ठेवावे लागले. मधल्या काळात सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेने पहिली ते आठवीचे धडे घरात आणले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर, जिथे स्मार्टफोन नव्हते आणि मोबाइलला सिग्नलही नव्हता, तिथे दिगंत स्वराज फाउंडेशनच्या ‘बोलकी शाळा’ उपक्रमाचे कार्यकर्ते ध्वनिमुद्रित धडे ध्वनिक्षेपकावर ऐकवीत आणि मुले मोकळ्या जागेत अंतर ठेवून बसून ते ऐकत. कुणाच्याही कौतुकाला पात्र ठरावी अशी ही धडपड होती, पण ती शाळेची जागा घेऊ शकणारी नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित कुटुंबांच्या पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत असल्याचे आणि ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण थांबल्याचे आढळले.

या नुकसानीचे मोजमाप ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत दिसते. पाहणी करणारा कार्यकर्ता मुलाच्या घरी जातो आणि त्याच्यासमोर अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट असलेला कागद ठेवतो. मूल यातले काय वाचते एवढेच नोंदवले जाते. देशभरातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची ती गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत पोहोचली. शिक्षकांच्या मेहनतीची ही पावती आहे. मात्र २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले साथीच्या काळात शाळेच्या वयाचीही नव्हती. ज्यांची पहिली-दुसरी हुकली, ती मुले पुढच्या वर्गांत गेली आणि सावरलेल्या सरासरीने त्यांच्या वाचनातली पोकळी भरून निघत नाही.

अगदी तान्ह्या मुलांवरही एकांताची छाया पडली. आयर्लंडमधील एका अभ्यासात टाळेबंदीत जन्मलेल्या बाळांपैकी पहिल्या वाढदिवसापर्यंत एखादा अर्थपूर्ण शब्द बोलणारी, बोटाने वस्तू दाखवणारी आणि हात हलवून टाटा करणारी बाळे आधीच्या बाळांच्या तुलनेत कमी होती, तर रांगणारी मात्र थोडी जास्त होती. घरात जमिनीवर फिरायला जागा आणि वेळ होता. ज्याला टाटा करावा असा पाहुणा मात्र दारात येत नव्हता. असे मागे पडलेले टप्पे बहुधा भरून निघतात, पण त्यासाठी माणसांचा सहवास लागतो आणि मोबाइलचा पडदा त्याची भरपाई करू शकत नाही.

ज्यांचे छत्र हरपले

सर्वांत दीर्घकाळ चालणारा घाव अनाथपणाचा. मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या चौदा महिन्यांत जगभरात अकरा लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा सांभाळ करणारे आजी-आजोबा गमावल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासाने मांडला. भारतात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार एप्रिल २०२० पासून १,४७,४९२ मुलांनी करोनामुळे किंवा अन्य कारणांनी पालक गमावले होते. त्यांपैकी १०,०९४ मुलांचे आई-वडील दोघेही गेले होते. केंद्र शासनाने अनाथ मुलांना वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळतील अशी योजना आखली आणि महाराष्ट्राने दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. बालसंगोपन योजनेतून दरमहा मदतही मिळते. दोन्ही पालक गमावलेल्यांहून कितीतरी मोठी संख्या आहे ती एक पालक गमावलेल्या १,३६,९१० मुलांची. कमावते वडील गेल्यावर आईला रोजगार शोधावा लागतो, मुलाची शाळा बदलते, मोठ्या मुलीवर धाकट्यांची जबाबदारी येते आणि काही घरांत तिच्या लग्नाची घाई सुरू होते. या मुलांना मुदतठेवीइतकीच गरज आहे ती वर्षानुवर्षे विचारपूस करणाऱ्या शिक्षकाची, अंगणवाडी सेविकेची आणि बालसंरक्षण अधिकाऱ्याची.

ताप मोजायला एक मिनिट पुरते, पण साथीने मुलांचे काय केले हे मोजायला लागणारी फूटपट्टी फार लांब आहे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले मूल शाळेच्या बाकावर प्रत्यक्ष बसले तेव्हा ते दुसरीत होते. दरवर्षी एक इयत्ता चढत गेले, तर ते मार्च २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल. २०२१ मध्ये तीन वर्षांचे असताना अनाथ झालेले बालक तेवीस वर्षांचे होईल ते २०४१ मध्ये. समाजाने करोनाचे प्रकरण मिटवून टाकले असले तरी या दोन मुलांसाठी ते चालूच आहे, आणि तोवर त्यांच्या वाढीकडे, वाचनाकडे आणि मनाकडे लक्ष ठेवणे हे घर, शाळा आणि शासन या तिघांचे कर्तव्य आहे.